तहान लागली की बाटलीच का?

"एखाद्या ग्लासाने काय होतंय?" या वाक्याशी माझं भांडण नाही. कधीतरी समारंभात घेतलेल्या ग्लासभर कोलाने कुणाची किडनी जात नाही. माझा राग आहे तो पाण्याच्या जागेवर येऊन बसलेल्या शीतपेयाच्या बाटलीवर. जेवताना तीच, कामावर तीच, उन्हातून आलं की फ्रीज उघडून आधी तीच.

उन्हातून आल्यावर तर मुळीच नको. घामाने अंग कोरडं पडलेलं असताना किडनीला हवं असतं पाणी, आणि आपण ओततो साखर. बफेलो विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांकडून उष्ण वातावरणात चार तास अंगमेहनत करून घेतली. एकदा पाणी देऊन, एकदा फ्रुक्टोज (एक प्रकारची साखर) आणि कॅफीन असलेलं शीतपेय देऊन. शीतपेयाच्या खेपेला रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलं, वर शरीरात पाणीही कमी पडलं. माणसं जेमतेम १२, म्हणजे अभ्यास लहानच. पण चार तासांत एवढा फरक? मला तरी तो हसण्यावारी नेता येत नाही.

साखरेचा आकडा लेबलवर असतो, पण बहुतेकदा 'प्रति १०० मिली' असा. १०.६ ग्रॅम वाचून माणूस निर्धास्त होतो. ३३० मिलीच्या कॅनचा हिशेब करा: ३५ ग्रॅम, आठ-नऊ चमचे! चहात कुणी एवढी घातली तर आपण कप परत करू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाकाठी अशी साखर साधारण २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. वजन, मधुमेह, रक्तदाब ही पुढची वाट सगळ्यांना पाठ आहे, आणि किडनी निकामी होण्यामागे सर्वांत जास्त हात मधुमेह आणि रक्तदाबाचाच.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, "मी डाएट कोला घेतो." २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसाला दोन किंवा जास्त कोला पिणाऱ्यांमध्ये किडनीच्या जुनाट आजाराचा धोका सुमारे दुप्पट दिसला. साधा कोला असो वा डाएट, चित्र तेच. कोला नसलेल्या पेयांत मात्र तसं दिसलं नाही, म्हणून संशय कोलातल्या फॉस्फोरिक ॲसिडवर. (घटकांच्या यादीत ३३८ असा क्रमांक दिसला तर ते हेच.) असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे मान्य. शिवाय वजन-शुगर आधीच वाढलेली मंडळीच डाएटकडे वळतात, हेही खरं. तरी 'शुगर फ्री' वाचून दिवसाला दोन-तीन कॅन रिचवणं मला पटत नाही.

आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांनो, "माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढ्यावर खूश होऊ नका. किडनीचं जवळपास निम्मं काम थांबेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. डॉक्टरांना विचारून लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी करून घ्या, बिघाड बऱ्याचदा तिथे आधी सापडतो.