मऊ सापडलं म्हणून

ताई फोनवर म्हणाली, "आठ दिवस ये. काही करायचं नाही, नुसतं अल्पाका बघत बसायचं." थोरल्या बहिणीने "काही करायचं नाही" म्हटलं की भावाने तिथेच सावध व्हायला हवं. लहानपणी ती मला "ये, गंमत दाखवते" म्हणून हाक मारायची आणि तिच्या वह्यांना कव्हरं घालायला बसवायची. पण मागोमाग तिने एका पिल्लाचा फोटो पाठवला. ढगाला चार पाय फुटावेत तसं ते दिसत होतं. मी बॅग भरली.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी आहे, हे पहिल्या भेटीत पटत नाही. उंटाला लोकरीत गुंडाळून गरम पाण्यात धुतलं आणि तो आटला, असं काहीसं ते प्रकरण दिसतं. मूळचा अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी सहाएक हजार वर्षांपूर्वी विकुन्या नावाच्या रानटी प्राण्याला माणसाळवून हा घडवला. शास्त्रज्ञ मात्र बराच काळ त्याला लामा या तिथल्याच दुसऱ्या पाळीव प्राण्याच्या घराण्यात मोजत होते. २००१ साली डीएनए तपासल्यावर घोटाळा उघडकीला आला आणि त्याचं शास्त्रीय नाव बदलावं लागलं. आपलं आजोळच भलतं निघालं तर माणूस खचून जाईल. यांनी रवंथसुद्धा थांबवलं नसणार.

दाजींनी कळपाशी ओळख करून दिली. सगळ्यांत पुढे महाराणी. रंग कॉफीचा, कपाळावर झुलपं, पापण्या बोटभर लांब. नुकतीच लोकर कातरलेली असल्यामुळे अंग काटकुळं आणि डोक्यावर मात्र गोंडा. मी दोन्ही हात पसरून पुढे झालो. अल्पाकाला कुरवाळून घ्यायला आवडत नाही, डोक्यावर हात ठेवलेला तर मुळीच खपत नाही, हे दाजींनी सांगितलं. पण दाजींची सूचना नेहमी घटनेनंतर येते. महाराणीने कान मागे पाडले, हनुवटी आभाळाकडे केली. पुढचं मला आधी ऐकू आलं, मग त्याचा वास आला.

एरवी ही मंडळी एकमेकांवर थुंकतात, चाऱ्यावरून, जागेवरून. माणूस मध्ये सापडतो एवढंच. साधी थुंकी म्हणजे हवा आणि चघळलेलं गवत. राग खरा असेल तर माल पोटातून येतो, हिरवा आणि आंबूस. गंमत अशी, की त्या चवीने थुंकणाऱ्याचंच तोंड विटतं. नंतर कितीतरी वेळ महाराणी खालचा ओठ लोंबता ठेवून माझ्याकडे बघत होती. थुंकलो जणू मीच.

"गाभण आहे ना," दाजी कौतुकाने म्हणाले. "मी नर आणून दाखवला तेव्हाही अशीच थुंकली."

हा तपासणीचा प्रकार खरा आहे. मादीसमोर नर आणायचा. ती खाली बसली तर बहुधा गाभण नाही. ती थुंकून पळाली तर आहे, आणि मग साडेअकरा महिने वाट बघायची. त्या दिवशी दाजी म्हणे शर्टावर हिरवा डाग घेऊन "थुंकली, थुंकली!" ओरडत घरात आले होते. ताईने त्यांना आधी दाराबाहेर उभं केलं, अभिनंदन नंतर.

पण खोटं का बोलू, पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. सकाळी उठावं तर कुंपणापलीकडून "हंऽऽ" असा सूर. ही जनावरं एरवी ओरडत नाहीत, गुणगुणतात. एखाद्याला काहीतरी विचारायचंय पण धीर होत नाही, तशी. शिस्त विचारू नका. सगळा कळप लेंड्या टाकायला एकाच ठरलेल्या ढिगाशी जातो. पुढचा उठेपर्यंत मागचा थांबतो. मला फावडं आणि ढकलगाडी मिळाली, पण ढीग एकाच जागी असल्यावर तक्रार कशाची करायची? दुपारी नळी धरून त्यांच्या पोटावर आणि पायांवर पाणी मारायचं. पाठीवर नाही, तिथली लोकर भिजली की उलट ऊब धरून बसते. पोटाला पाणी लागलं की महाराणी डोळे मिटून घ्यायची. आमचे संबंध सुधारत होते.

तिसऱ्या दिवशी ताईने एक भलीमोठी पिशवी आणली. "हात घालून तर बघ," म्हणाली.

घातला. काय सांगू! कोपरापर्यंत हात गेला आणि कुठेच काही लागलं नाही.

"महाराणीची. वर्षातून एकदाच मिळते, तीनएक किलो. तुझ्यासाठी टोपी करू या तिची?"

'करू या' हे क्रियापद आमच्या घरात अनेकवचनी दिसतं, चालतं एकवचनी. मी निवडायला बसलो. मेंढीच्या लोकरीत तेल असतं, हिच्यात ते नावाला. त्याच्या जागी धूळ असते, कारण अल्पाकाला मातीत लोळण्यासारखं सुख नाही. काड्या, कुसळं, एक मेलेला भुंगा. पाठीवरची लोकर वेगळी, मानेची वेगळी, पायांची भरड वेगळी. संध्याकाळी शिंकलो तेव्हा मातीचा सडा पडला. दाजी शेजारून जाताना हळूच म्हणाले, "मऊ सापडलं की तुझी ताई कोपराने खणते. मी बारा वर्षं खणला जातोय."

दुसऱ्या दिवशी फेल्टिंग. विणायचं नाही, सूत कातायचं नाही, लोकर पिंजून थरावर थर द्यायचे आणि साबणाच्या गरम पाण्यात चोळत राहायचं. "मागे तुझा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला होतास, आठवतं? तेच, पण मुद्दाम," ताई म्हणाली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि त्याचा जाड नमदा होतो. मेंढीचे, विशेषतः मेरिनो जातीच्या मेंढीचे तंतू यात तरबेज. अल्पाकाचे खवले चपटे. म्हणून तर ती हाताला गुळगुळीत लागते, आणि म्हणूनच ती एकमेकींना धरतही नाही. ताईने थोडी मेरिनो मिसळायला सांगितली होती. "छे, शुद्ध महाराणीचीच," मी म्हणालो. थुंकी खाल्ल्यावर माणसाला हक्क वाटायला लागतो.

टेबलावर एक थर आडवा, एक उभा, पुन्हा आडवा. वर जाळी, त्यावर साबणाचं पाणी. चोळायला लागलो. अर्ध्या तासाने जाळी उचलली, तर खाली ओल्या मांजरासारखं काहीतरी पडलेलं, आणि प्रत्येक केस अजूनही स्वतंत्र बाण्याचा. पुन्हा चोळलं. पाणी गार झालं, गरम ओतलं. दाजी डोकावून "भिजत घोंगडं का?" एवढंच विचारून गेले. हा विनोद त्यांनी त्या दिवसात चारदा केला, आणि दर वेळी तो जास्तच खरा होत गेला.

मग फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून काठीवर लाटायचं. शंभरदा इकडून, वळवून शंभरदा तिकडून. मध्ये एक जागा विरळ दिसली म्हणून ताईने दातेरी सुई दिली, लोकरीत टोचून टोचून तंतू आत अडकवायची. लोकरीत ती जेमतेम जाते. बोटात सहज जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटीने पृष्ठभाग उचलून पाहिला, आणि एकही केस सुटा आला नाही. सगळा थर एकसंध वर आला! आनंदाच्या भरात मी ती टोपी बादलीत आपटून आपटून घट्ट केली. तिसऱ्या हिश्शाने आटली, छान आवळली, कडा गोल झाल्या. खळबळून, पिळून ताईपुढे धरली.

तिने ती उलटली. सुलटली. कडेने बोट फिरवत पूर्ण फेरी मारली.

"अरे, मधलं प्लास्टिक कुठाय?"

"कुठलं?"

"खालचा आणि वरचा भाग एकमेकांना चिकटू नये म्हणून मध्ये घालायला दिलं होतं ते!"

ते खिडकीत होतं. फार चुरचुरत होतं, म्हणून मी बाजूला ठेवलं होतं. दोन दिवस ज्या तंतूंनी एकमेकांना हातसुद्धा लावला नव्हता, त्यांनी सगळीकडून मिठी मारली होती. टोपीला सगळं होतं, फक्त डोकं घालायला जागा नव्हती.

ताई हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने त्या गोल, जाड, कॉफीच्या रंगाच्या वस्तूवर उकळती किटली ठेवली. थोड्या वेळाने किटली उचलून खालच्या लाकडाला हात लावला आणि गप्प झाली. लाकूड गार होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. काल पार्सल आलं. आत चिठ्ठी: "पाहुण्यांना फार आवडलं. आणखी पाच कर. प्लास्टिक पाठवत नाही." खाली पिशवी. मी नुसता हात घालून पाहिला.

या वेळची पिल्लाची आहे. महाराणीपेक्षाही मऊ.