टिंब की गंज?

मी सिव्हिल इंजिनिअर. पण सासुरवाडीच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. गिझर तापेना, मिक्सर जळका वास मारायला लागला, इन्व्हर्टर शिट्टी वाजवायला लागला, की फोन मला. त्यामुळे मेव्हण्याने धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) शेडसाठी जुना अल्ट्रासॉनिक फॉगर घेतला, तेव्हा ‘दाजी, विकणाऱ्यानं सांगितलंय ते सगळं खरं आहे का, जरा बघा की’ हे ओघानंच आलं. घ्यायच्या आधी नाही. पैसे देऊन झाल्यावर.

गरज खरी होती. धिंगरीला हवेत ८०-८५ टक्के आर्द्रता लागते आणि एप्रिलातली आमच्याकडची दुपार फक्त कुरडयांना मानवते. दिवसभर ओली गोणपाटं लटकवून तो थकला होता.

यंत्र म्हणजे स्टीलचा जाडजूड ठोकळा, त्यावर १० गोल चकत्या. पाण्यात बुडवून वीज दिली की सिरॅमिकच्या चकत्या सेकंदाला लाखो वेळा थरथरतात, पाणी वर उसळतं आणि त्याचं धुकं होतं. उकळायची भानगडच नाही. तासाला ५ लिटर पाण्याची वाफ करायची तर ३ किलोवॉटच्या वरचा हीटर हवा. असल्या फॉगरमध्ये तितकंच पाणी ३०० वॉटांत उडतं. बाष्पीभवनाची उष्णता धुकं शेडमधल्याच हवेतून घेतं, म्हणून शेड गारही होते. मला यातलं भौतिकशास्त्र आवडलं, मेव्हण्याला वीजबिल.

आता यंत्रावरची पाटी. पत्र्याची, आणि तीही कोणीतरी तारेच्या घासणीनं मन लावून घासलेली. ‘४८’ दिसत होतं, पुढचं अक्षर गेलेलं. म्हणजे व्होल्ट की वॉट? खाली १, मग एक ठिपका, मग ७, पुढे मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतके दहा लाख वेळा थरथर. तो ठिपका दशांशचिन्ह होता की गंजाचा डाग, हे भिंगातूनही कळेना. तासाला किती लिटर, ती जागा तर स्वच्छ चकचकीत होती.

विकणाऱ्याला फोन लावला. ‘साहेब, पाटी कशाला वाचताय? मशीन बघा ना, मशीन!’ त्यानं सोबत २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला होता, ‘थोडं कमी धुकं येईल, पण लाइफ वाढेल’ या आशीर्वादासह. इंटरनेटवर याच यंत्राचा हाच फोटो ३, ५ आणि ७ लिटर अशा तीन क्षमतांनी विकायला होता. फोटोतली बादलीसुद्धा तीच.

व्होल्ट-वॉटचा निकाल लवकर लागला. असली एक चकती साधारण २५ वॉट खाते. १० चकत्यांचं पोट ४८ वॉटांत भरणं शक्य नाही. तेव्हा व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवून ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणला.

ठिपक्यानं मात्र छळलं. माझा मल्टिमीटर मेगाहर्ट्झचं नाव काढताच शून्य दाखवून मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, मला ऐकू येतोय की आवाज!’ माणसाचा कान २० हजार हर्ट्झला हात टेकतो, वटवाघळंसुद्धा फार तर दोनेक लाखांपर्यंत जातात, हे सासूबाईंना कसं सांगणार? त्यांना ऐकू येत होता तो पंखा. मी ‘हो, बारीक येतोय’ म्हणालो. जावयाला इतकं भौतिकशास्त्र सोडावं लागतं.

मग सुचलं, चकती मोजू या, जाडीवरून थरथरण्याचा वेग कळतो. चकतीच्या जाडीत ध्वनीची अर्धी लाट बसते आणि त्या सिरॅमिकमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे ४ हजार मीटर धावतो. एक निकामी चकती काढून व्हर्निअरमध्ये धरली: १.२ मिलिमीटर. गणित केलं, उत्तर १.७ मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ. १७ असतं तर चकती वहीच्या कागदाएवढी पातळ निघाली असती. टिंब खरं होतं! मी ओरडलो. शेडमध्ये कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

राहिली क्षमता. ती ठरवायला कांद्याचा वजनकाटा पुरतो. बादलीत यंत्र, चकत्यांवर ३-४ सेंटीमीटर पाणी, कारण कोरड्यात चालवलं तर चकती तडकते. सगळ्यासकट वजन, तासभर धुकं, पुन्हा वजन. मध्ये वरून पाणी घालायचं ते मोजून. शिंतोडे बाहेर उडाले तर तेही धुक्याच्या खात्यात जातात, म्हणून बादलीला उंच कडं लावलं. ९ चकत्यांपैकी ६ जणी कामाला होत्या. बाकीच्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवल्यावर आणखी एक जागी झाली.

काटा म्हणाला, तासाला २.६ लिटर.

मेव्हण्यानं परमनंट मार्कर आणला आणि पाटीच्या मोकळ्या जागेत ठळक अक्षरांत लिहिलं : ५ लिटर.

‘अरे, आत्ताच मोजलं ना आपण?’

‘ते आपल्यासाठी, दाजी. पुढेमागे विकायचा झाला तर?’