‘टॉस जिंकला की सामना जिंकला’: अमेरिकन फुटबॉलच्या ओव्हरटाइमबद्दलचा एक शिळा दावा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांतून तो इकडच्या गटांतही पोचतो. त्यात थोडक्यात असं म्हटलेलं असतं: अमेरिकन फुटबॉलमध्ये साठ मिनिटं झुंजून बरोबरी झाली की पुढच्या जादा वेळेत, म्हणजे ओव्हरटाइममध्ये, निकाल नाणं लावतं. टॉस जिंकणारा संघ चेंडू घेतो, गुण करतो आणि सामना संपतो. दुसऱ्याला संधीच मिळत नाही. एवढं करूनही निकाल लागला नाही तर सामना ‘टाय’ म्हणून सोडून देतात आणि त्या टायला काडीची किंमत नसते. त्यापेक्षा कॉलेजचा नियम न्याय्य आहे, तो घ्या. नाहीतर निकाल लागेपर्यंत खेळवा.

या मजकुराला उत्तर द्यावंसं वाटतं ते त्यातल्या चुकांमुळेच नव्हे. या खेळाचा निम्मा भाग म्हणजे डिफेन्स, आणि हा मजकूर तो मोजतच नाही. चेंडू हातात नसलेले अकरा जण मैदानावर नुसते उभे असतात असं गृहीत धरलं, तरच ‘संधी मिळाली नाही’ हे वाक्य लिहिता येतं.

आधी ‘दुसऱ्याला संधीच नाही’ हे पाहू. आजच्या नियमांत हे सरळ चूक आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यांत २०२२पासून दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळतो, मग पहिल्या संघाने टचडाउन (चेंडू गोललाइनपार नेणं) का केलेलं असेना. २०२५च्या हंगामापासून साखळी सामन्यांतही तीच तरतूद आली, फक्त तिथे सगळं दहा मिनिटांत बसवावं लागतं. दोघांना एकेकदा चेंडू मिळूनही बरोबरी राहिली तर त्यापुढे जो आधी गुण करेल तो जिंकला. अपवाद म्हणजे पहिल्याच चालीत (एका संघाकडे चेंडू असतानाच्या सलग खेळ्यांत) डिफेन्सने सेफ्टी मिळवली, म्हणजे चेंडूवाल्याला त्याच्याच गोललाइनमागे पाडलं, तर सामना तिथेच संपतो, आणि तो डिफेन्सच्याच कर्तृत्वाचा विजय असतो.

नव्या नियमाचं रूप २८ सप्टेंबर २०२५ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला दिसलं. डॅलस आणि ग्रीन बे यांचा सामना ३७-३७ वर अडकला होता. ओव्हरटाइममध्ये चेंडू आधी डॅलसला मिळाला आणि ते गोललाइनच्या अगदी तोंडाशी पोचले. तिथे ग्रीन बेच्या मायका पार्सन्सने क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) डॅक प्रेस्कॉटला गाठून खाली पाडलं. हा पार्सन्स महिनाभरापूर्वीपर्यंत डॅलसचाच खेळाडू होता. डॅलसला फील्ड गोलच्या (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याच्या) तीन गुणांवर समाधान मानावं लागलं. मग चेंडू ग्रीन बेकडे आला आणि शेवटच्या क्षणी ब्रँडन मॅकमॅनसने ३४ यार्डांवरून फील्ड गोल मारून ४०-४० केलं. यात नाण्याने काय ठरवलं? कुणी आधी खेळायचं, एवढंच.

आता मुख्य मुद्दा: टॉस जिंकला की सामना जिंकला. यात सत्याचा एक तुकडा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. साखळी सामन्यांत ओव्हरटाइम १९७४ साली आला. पंधरा मिनिटं, आणि जो आधी गुण करेल तो जिंकला. पहिली वीस वर्षं टॉस जिंकणारे आणि हरणारे जवळजवळ सारखेच सामने जिंकत होते. त्या काळी आधी चेंडू मिळणं म्हणजे मोठं घबाड नव्हतं. १९५८च्या अंतिम सामन्यात यँकी स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्सने ओव्हरटाइमचा टॉस जिंकला, चेंडू घेतला, तीन खेळ्यांत काही जमलं नाही आणि पंट करून, म्हणजे लाथेने दूर मारून, परत दिला. मग बाल्टिमोरच्या जॉनी युनायटसने ८० यार्डांची चाल रचली, अॅलन अमीचीने शेवटचा एक यार्ड पार केला आणि सामना २३-१७ असा संपला.

चित्र बदललं ते १९९४ साली. किकऑफ, म्हणजे सुरुवातीची किक, ३५ऐवजी ३० यार्डांच्या रेषेवरून सुरू झाला, त्यामुळे चेंडू घेणाऱ्या संघाला सुरुवातच पुढून मिळू लागली. त्याच काळात किक मारणारे अधिकाधिक अचूक होत गेले. पूर्वी जिथून पंट करावा लागे, तिथून आता तीन गुण निघू लागले. परिणामी १९९४ ते २००९ या काळात टॉस जिंकणाऱ्या संघांनी सुमारे ६० टक्के सामने जिंकले. जानेवारी २०१०मध्ये न्यू ऑर्लिन्सने मिनेसोटाला असंच, ओव्हरटाइमच्या पहिल्याच चालीत ४० यार्डांच्या फील्ड गोलने हरवलं आणि सुपर बोल गाठला. त्यानंतर प्लेऑफसाठी नियम बदलला: पहिल्या चालीत नुसता फील्ड गोल झाला तर दुसऱ्यालाही चेंडू मिळेल, टचडाउन झालं तरच सामना संपेल. २०१२मध्ये तो साखळी सामन्यांनाही लागू झाला.

तरी प्लेऑफमध्ये तक्रार उरलीच. २०१० ते २०२१ या हंगामांत प्लेऑफचे १२ सामने ओव्हरटाइममध्ये गेले. त्यातले १० टॉस जिंकणाऱ्यांनी जिंकले, ७ तर पहिल्याच चालीतल्या टचडाउनने. हा आकडा बोलका आहे आणि मार्च २०२२मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी नियम बदलला तो याच आकड्यामुळे. म्हणजे फिरणाऱ्या मजकुरातली तक्रार रास्त होती त्या काळी तिची दखल घेतली गेली. दुरुस्त झालेला दोष आजचा म्हणून पसरवणं मात्र रास्त नाही.

आणि ज्या काळात तो दोष होता, त्या काळातही सामना नाण्याने जिंकला जात नव्हता. या मजकुरात जानेवारी २०१९चा दाखला नेहमी असतो: कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स बाजूला उभा राहिला, त्याला चेंडूच मिळाला नाही, न्यू इंग्लंडने पहिल्याच चालीत टचडाउन केलं, ३७-३१. ती चाल पुन्हा पाहा. न्यू इंग्लंड ७५ यार्ड दूर होतं. त्या एका चालीत तीन वेळा ‘थर्ड अँड टेन’ आलं, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात दहा यार्ड हवेत, नाहीतर चेंडू सोडण्याची पाळी. कॅन्सस सिटीच्या डिफेन्सने यातल्या एकाही वेळी पास अडवला असता तर महोम्स मैदानात आला असता. तिन्ही वेळा टॉम ब्रेडीने पास पोचवला, दोनदा ज्युलियन एडलमनकडे आणि एकदा रॉब ग्रॉन्कोव्स्कीकडे. ब्रेडीच्या आणि त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच लाइनमनच्या त्या कामगिरीचं श्रेय नाण्याला देणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

त्याच दिवशी, त्याच्या काही तास आधी, न्यू ऑर्लिन्सनेही ओव्हरटाइमचा टॉस जिंकला होता. ड्रू ब्रीझचा पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलला, लॉस एंजेलिस रॅम्सने ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि २६-२३ने सामना नेला. मजकुरात हा सामना कधीच नसतो.

तशीच २०२२ची जोडी. २३ जानेवारीला बफेलोने टॉस हरला, कॅन्सस सिटीने टचडाउन केलं, ४२-३६; बफेलोच्या क्वार्टरबॅक जोश अॅलनला चेंडू न मिळाल्याची हळहळ अजून संपलेली नाही. बरोबर एका आठवड्याने त्याच कॅन्सस सिटीने, त्याच मैदानावर, पुन्हा टॉस जिंकला. या वेळी महोम्सचा पास सिनसिनाटीच्या डिफेन्सने पकडला आणि ते २७-२४ने जिंकले. जानेवारी २००४मध्ये तर सिॲटलचा मॅट हॅसलबेक टॉस जिंकल्यावर रेफरीच्या चालू माइकसमोर म्हणाला होता, ‘आम्हाला चेंडू हवाय आणि आम्ही गुण करणार.’ थोड्याच वेळात त्याचाच पास ग्रीन बेच्या अल हॅरिसने पकडला आणि ५२ यार्ड धावत जाऊन टचडाउन केलं.

आता तर टॉस जिंकून काय निवडायचं हेच कोडं झालंय. ११ फेब्रुवारी २०२४ला लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने टॉस जिंकला आणि चेंडू आधी घेतला. प्रशिक्षक काइल शॅनहन यांचं गणित असं, की दोघांनी सारखे गुण केले तर तिसरी चाल आपली असेल, आणि तेव्हा कुठलाही गुण सामना जिंकून देईल. त्यांना फील्ड गोलचे तीन मिळाले. मग कॅन्सस सिटी उतरलं, आणि नंतर खेळण्यातला खरा फायदा इथे दिसतो: किती गुण हवेत हे त्यांना माहीत होतं. चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना पंट करण्याचा प्रश्नच नव्हता. महोम्स स्वतः चेंडू घेऊन आठ यार्ड धावला, पुढे टचडाउन झालं, २५-२२. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं की नवा नियम त्यांना नीट ठाऊकच नव्हता. एरिक आर्मस्टेडला तो स्टेडियमच्या पडद्यावर वाचून कळला. कॅन्सस सिटीने मात्र त्याची तयारी हंगामाच्या आधीपासून केली होती. इथे टॉस जिंकणारा हरला आणि नियमाचा अभ्यास केलेला जिंकला.

टायला किंमत नसते, हा पुढचा मुद्दा. १९७२पासून गुणतक्त्यात टाय म्हणजे अर्धा विजय आणि अर्धा पराभव. सतरा सामन्यांच्या हंगामात अर्ध्या विजयाने भल्याभल्यांची वाट अडते. नोव्हेंबर २०२१मध्ये पिट्सबर्गचा डेट्रॉइटशी १६-१६ असा टाय झाला. डेट्रॉइटने तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता, त्यामुळे पिट्सबर्गची छी थू झाली. हंगाम संपला तेव्हा पिट्सबर्गकडे ९ विजय, ७ पराभव, १ टाय होता. ९-८ वर असलेले संघ बाहेर राहिले आणि पिट्सबर्ग प्लेऑफमध्ये गेलं. त्याच हंगामाच्या शेवटच्या रात्री रेडर्स आणि चार्जर्स यांचा सामना टाय झाला असता तर ते दोघेही आत गेले असते आणि पिट्सबर्ग बाहेर. ३२-३२ वर ओव्हरटाइमचे शेवटचे सेकंद सरत होते. डॅनियल कार्लसनने ४७ यार्डांवरून फील्ड गोल मारला तेव्हा चार्जर्सचा हंगाम संपला. ज्या निकालाला किंमत नाही, त्यासाठी तीन शहरं अशी श्वास रोखून बसत नाहीत. २००८मध्ये फिलाडेल्फियाने सिनसिनाटीशी १३-१३ असा टाय केला तेव्हा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबला सामना असा संपू शकतो हेच माहीत नव्हतं. त्याच टायच्या बळावर त्याचा संघ ९-६-१ असा प्लेऑफमध्ये पोचला.

कॉलेजचा नियम न्याय्य आहे का? दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेवरून एकेक चाल मिळते, हे वरवर समान दिसतं. पण त्यात किकऑफ नाही, पंट नाही, मैदान जिंकत पुढे सरकणं नाही. नंतर खेळणाऱ्याला नेमकं किती हवं हे कळण्याचा फायदा तर आहेच. आणि २०२१पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासूनच फक्त दोन गुणांचे प्रयत्न उरतात, तीन यार्डांवरून एकेक खेळी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलिनॉय आणि पेन स्टेट यांचा सामना नऊ ओव्हरटाइम चालला. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत दोघांनाही एक गुण करता आला नाही, शेवटी २०-१८. क्रिकेटच्या सुपर ओव्हरसारखाच हा प्रकार: निकाल लागतो, पण दिवसभर खेळला गेलेला खेळ बाजूला ठेवून.

राहिलं ‘निकाल लागेपर्यंत खेळवा’. प्लेऑफमध्ये नेमकं तेच करतात. १९७१च्या ख्रिसमसला मायामी आणि कॅन्सस सिटी ८२ मिनिटं ४० सेकंद खेळले तेव्हा निकाल लागला. साखळीत तसं करत नाहीत, कारण रविवारी खेळलेल्या संघाला कधी कधी चारच दिवसांनी, गुरुवारी, पुन्हा उतरावं लागतं. या खेळात प्रत्येक खेळीला माणसं माणसांवर आदळतात. २०१७मध्ये ओव्हरटाइम पंधराचा दहा मिनिटांवर आणला तो खेळाडूंच्या सुरक्षेचं कारण देऊनच.

तक्रार करायचीच असेल तर ती या दहा मिनिटांबद्दल करता येईल. दोघांना चेंडू देण्याचा २०२५चा प्रस्ताव फिलाडेल्फियाने मांडला तेव्हा त्यात पंधरा मिनिटं होती. मंजूर होताना दहाच राहिली. एक लांबलचक चाल सात-आठ मिनिटं खाते, मग दुसऱ्याला घड्याळाशीही झगडावं लागतं आणि तिसरी चाल बहुतेकदा होतच नाही. पंधरा मिनिटं परत आणावीत असं माझं मत आहे.