कंबरदुखीनं कोणी मरत नाही ना, मग राहू द्या

गावाकडच्या आरोग्याचं संशोधन म्हटलं की पहिला हिशोब असतो कशानं किती माणसं मरतात याचा. ठीक आहे, तो पाहिजेच. पण आमच्या यवतमाळकडं निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा त्रास कशाचा, त्या सांगतील, "कंबर धरते बाप्पा, दुसरं काय." दिवसभर वाकून काम, कमरेला कापसाची झोळी अन् मजुरी किलोवर, म्हणजे दुखतंय म्हणून टेकलं की तेवढे पैसे गेले. मग संध्याकाळी गावातल्या डॉक्टरची सुई नाहीतर मेडिकलमधल्या दुखीच्या गोळ्या, वर्षानुवर्षं. उन्हात पाणी कमी पिऊन या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीवर ताण येतो हे माहीत आहे, पण आमच्या गावांत किती बाया त्या खातात अन् त्यांचं पुढं काय होतं हे कोण मोजतंय? गडचिरोलीत सर्चनं, म्हणजे डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या संस्थेनं, पाठ-कंबरदुखीचा विषय घेतला, बाकी शुकशुकाट.

अन् विचारल्यावर काय निघतं ते याच सर्चनं आधी दाखवलंय. गावातल्या बाया म्हणजे फक्त कुटुंब नियोजनाचं टार्गेट असं चाललं होतं तेव्हा राणीताई बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, अन् त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. दुखणं जुनंच होतं, विचारलं कोणी नव्हतं.

फवारणीचं घ्या. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. त्यानंतर सल्ला काय, तर अंग झाकणारं संरक्षक किट घाला. अहो, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत ते प्लास्टिक घालून पाठीवर पंप घेऊन एक तास तरी फिरून दाखवा! मजूर किट घालत नाही म्हणून त्यालाच अडाणी म्हणायचं. इथल्या उन्हात अंगावर सहन होईल असं किट बनवणं हे संशोधनच आहे की, पण त्यात कोणाला पीएचडी दिसत नाही बहुतेक.

आता कोणी म्हणेल मग ग्रामसभेत हात वर करून संशोधनाचे विषय ठरवा. तेही जमत नाही, कारण लकवा मारलेला माणूस सभेत येतच नाही, तो घरी खाटेवर. गडचिरोलीच्या गावांमध्ये मृत्यूंची कारणं नीट तपासली तेव्हा लकवा एक नंबरला निघाला. लकव्याचं मोठं कारण बीपी, अन् आपण समजत होतो बीपी हा शहरातल्या लोकांचा रोग. म्हणजे मोजणीही लागतेच. माझं म्हणणं एवढंच की मरणाबरोबर बुडालेली मजुरीही मोजा, दुखण्यापायी विकलेली बकरी मोजा, सावकाराचं कर्ज मोजा. मग बघा संशोधनाच्या विषयांची यादी कशी उलटीपालटी होते ते, कंबर कुठल्या कुठं वर येईल.

अजून एक. संशोधनाची टीम येते, रक्त घेते, आशाताईला घरोघरी फिरवते, जाते. रिपोर्ट काय आला हे गावाला कळतच नाही. पैसे मंजूर करतानाच अट टाका, निकाल आधी ग्रामसभेत मराठीत सांगायचा, कोरकू-गोंडी गाव असेल तर त्यांच्या भाषेत, अन् आशाताईला त्या फिरण्याचे पैसे वेगळे द्यायचे.