बारीक करायचं बटण

परवा चोपड्याला गेलो ते नानांकडच्या भरितासाठी. भरीत मिळालं, पण त्याआधी मांडीवर लॅपटॉप आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि नानांच्या डब्यात ती नाही, म्हणून दिवाळीत मीच हौसेनं विंडोजऐवजी फेडोरा नावाचं लिनक्स बसवून दिलं होतं. वर ग्नोम, म्हणजे पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप. दिसायला एकदम देखणं.

"बारीक करायचं बटन कोठे गयं रे?" नाना.

तर ग्नोमवाल्यांनी २०११ मध्येच मिनिमाइजचं बटण काढून टाकलंय. खाली पट्टीच नाही तर खिडकी बारीक करून ठेवायची कुठं, असा त्यांचा हिशोब. राहिली नुसती फुली. मग फोन आला की नाना फुली दाबायचे, "सेव्ह करू का" विचारलं की "नाही" दाबायचे (काल केलंय ना!), असा केळी कापणीच्या मजुरांचा तीन आठवड्यांचा हिशोब गेला. ते बटण ट्वीक्स नावाच्या वेगळ्या ॲपातून परत आणता येतं, पण ते मी विसरलो होतो, ठीक आहे, माणूस आहे मी.

आणि ओट्यावर अप्पा. नानांचे शेजारी. आयुष्यात माउसला हात लावला नाही, पण विरजण मागायला आले ते दोन तास हलले नाहीत.

"हाई काय शे?"

"लिनक्स, अप्पा. ट्रॅक्टर समजा. इंजिन तेच, वरचा डॅशबोर्ड आपल्या आवडीचा बसवायचा. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई..."

"मग रिव्हर्स गिअर कोण काढी लई गया?"

मी गप्प. अहो, उत्तरच नव्हतं!

"पैसा किती पडना?"

"फुकट आहे."

"हां, मग बरोबर शे," असं म्हणून त्यांनी नानांकडे असं पाहिलं की जसं मी म्हातारी म्हैस गळ्यात बांधलीय.

मग केडीई टाकलं. पट्टी आहे, बटणं आहेत, सेटिंगा तर इतक्या की लग्नाच्या याद्या बऱ्या. नानांनी कुठंतरी राइट क्लिक केलं आणि अर्ध्या तासात खालची पट्टीच उडवून लावली. कशी, विचारू नका, त्यांनाही माहीत नाही. भरीत गार होत होतं, काकू आतून तिसऱ्यांदा ओरडल्या, आणि मला हे कळत नाही की ज्याला फक्त सातबारा काढायचाय त्याला पट्टी उडवायची सोय पाहिजेच कशाला?

शेवटी मिंट नावाचं दुसरं लिनक्स, त्यावर सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे दालचिनी. ग्नोमचा हा नवा अवतार पटला नाही म्हणून मिंटवाल्यांनीच तयार केलेलं. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे वर तिन्ही बटणं, समोर कॉम्प्युटरचा आयकॉन. नानांनी खिडकी बारीक केली. मोठी केली. परत बारीक केली.

"आते जमनं!"

अप्पा विरजणाची वाटी घेऊन उठले, जाता जाता स्क्रीनकडे नजर टाकली.

"पोरगं हुशार शे. शेवटी विंडोजच टाकं ना!"

आणि नाना, सख्खे काका, मान हलवून "हाओ" म्हणाले.