देखण्या माणसाचे हाल

हाँगकाँगला राहायला आलो आणि एकाएकी देखणा झालो. शाम शुई पोच्या मंडईतली भाजीवाली "लेंग जाय!" म्हणून हाक मारते, फळवाला मारतो, ऑफिसातला मित्र तर लिफ्टचं दार पुरतं उघडायच्या आत. लेंग जाय म्हणजे देखणा पोरगा. पुण्यात हयात गेली, एकाही भाजीवालीला हे सुचलं नव्हतं. पण एका सकाळी माझ्यामागे काठी टेकत उभ्या असलेल्या बोळक्या आजोबांनाही तिने तीच पदवी बहाल केली. बायकोने काही न बोलता पिशवी पुढे केली.

उरलीसुरली ऐट छा छान थेंगमध्ये गेली. छा छान थेंग म्हणजे इथलं इराण्याचं हॉटेल समजा. वेटर "लेंग जाय!" ओरडला, मी मान वर केली, तर तो भटारखान्याला साधा भात सांगत होता. या हॉटेलांच्या बोलीत पांढरा भात तो लेंग जाय आणि तांदळाची पेज ती लेंग नोय, म्हणजे सुंदरी. हा भाग मात्र हिला फारच आवडला.

परतफेड करावी म्हटलं तर इथल्या कँटोनीज भाषेत सूर सहा. 'लेंग' जरा वर चढला की देखण्याचा टपोरी पोरगा होतो. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात. कुठला लागला ते समोरच्याच्या भुवयांवरून कळतं.

"होय बिन आ?" कुठे निघालास? याला उत्तर द्यायचं नसतं, हसून पुढे जायचं. पण घरातून निघताना कुणी 'कुठे' विचारलं की आमची आजी चपला काढून परत बसायची, घोटभर पाणी प्यायची. इथे लिफ्टमध्ये विचारतात, जिन्याशी विचारतात, वॉचमनही विचारतो. आजी संध्याकाळपर्यंत ऑफिसला पोचली नसती.

निरोपाला "दाक हान याम छा", सवड झाली की चहा घेऊ. ही सवड कधीच होत नाही आणि ते दोन्ही पक्षांना ठाऊक असतं. हिला नव्हतं. हिने तिथल्या तिथे "रविवारी साडेचारला या, पोहे करते" म्हणून मित्राला सांगून टाकलं. बिचारा आला, अंड्याच्या टार्टचा खोका घेऊन. दारातच मला आपादमस्तक न्याहाळून आनंदाने ओरडला, "फेय जो वो!" जाड झालास की रे!

हिने माझ्या बशीतले अर्धे पोहे उचलून त्याच्या बशीत घातले.