स्क्रूज कबर पाहून बदलला नाही

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधल्या कंजूष स्क्रूजबद्दल नाताळ आला की एक मत हमखास फिरतं: म्हातारा स्वतःची कबर पाहून घाबरला म्हणून बदलला, एका रात्रीत कुणी सुधारत नसतं, आणि आपल्या गरीब कारकुनाच्या घरी नाताळच्या जेवणासाठी एक टर्की पक्षी पाठवून तो स्वस्तात सुटला. १८४३ ची मूळ कथा नीट वाचली तर यातलं काहीच टिकत नाही.

आधी भीतीचं. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजकडे त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत येतं, आणि त्यानंतर त्याला भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवणारी तीन भुतं एकामागून एक येतात. कथेची पाच प्रकरणं आहेत आणि कबर येते ती चौथ्याच्या अगदी शेवटी. दुसऱ्या प्रकरणातच स्क्रूजला सुट्टीत शाळेत एकटा उरलेला लहानपणीचा आपणच दिसतो. लगेच त्याला आठवतो दाराशी गाणं म्हणायला आलेला पोरगा, ज्याला त्याने रूळ उगारून पळवून लावलं होतं. त्याला काहीतरी द्यायला हवं होतं, असं तो म्हणतो. मग त्याचा जुना मालक फेझिविग याच्याकडचा नाच. सोबतचं भूत मुद्दाम डिवचतं, तीन-चार पौंड तर खर्च झाले, त्याचं एवढं काय कौतुक? स्क्रूज तावातावाने मालकाची बाजू घेतो: नोकराचं काम हलकं करायचं की ओझं, हे मालकाच्या हातात असतं! आणि बोलता बोलता थबकतो. आपल्या कारकुनाशी, बॉब क्रॅचिटशी, आत्ता दोन शब्द बोलता आले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. स्वतःच्या मरणाचा इथे विषयसुद्धा नाही. चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच तो शेवटच्या भुताला सांगतो की मला वेगळा माणूस होऊन जगायचंय, म्हणून कृतज्ञतेने तुझ्याबरोबर येतो.

नुसत्या भीतीने काय होतं, तेही डिकन्सने दाखवलंय. तिजोऱ्या, कुलपं, खातेवह्यांची साखळी ओढत मार्लेचं भूत येतं तेव्हा स्क्रूज गुडघे टेकतो. पण मागणी काय करतो? तिन्ही भुतं एकदमच येऊन उरकून टाकता येणार नाही का! कबरीपाशी तो हादरतो हे खरंच, पण तोवर पाया घातला गेलेला असतो.

रात्र एकच, हे मान्य. पण सकाळी तो काही सराईत सज्जन झालेला नसतो. भाच्याच्या दारावरून डझनभर फेऱ्या मारल्यावर कुठे त्याला दार ठोठावायचा धीर होतो.

आणि टर्की? ती तो नाव न सांगता पाठवतो, म्हणजे श्रेयही घेत नाही. खरा हिशेब पुढे आहे. आदल्या दिवशी गरिबांसाठी देणगी मागायला आलेल्यांना त्याने ‘तुरुंग नाहीत का?’ असं विचारून घालवलं होतं. त्यांच्यातले एक गृहस्थ रस्त्यात भेटताच तो त्यांच्या कानात रक्कम सांगतो, आणि तीत मागची बरीच थकबाकी धरली आहे असंही सांगतो. थकबाकी कर्जाची असते. दान देणारा असं बोलत नाही. बॉबला आठवड्याला १५ शिलिंग मिळत आणि कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असे. कोळसा घ्यायला गेलं की नोकरी जाण्याची धमकी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो. स्क्रूज त्याचा पगार वाढवतो आणि पुढचं अक्षर लिहिण्याआधी कोळशाची आणखी एक बादली विकत आणायला सांगतो.